गालातल्या शिशापायी रत्नागिरी

तुमच्यातल्या पुष्कळ जणी रत्नागिरीला जाऊन आल्यात, कुणी लग्नाच्या साड्या घ्यायला, कुणी कोर्टात, कुणी पोराच्या अ‍ॅडमिशनला. पण रक्तातलं शिसं तपासायला गेलेल्या आम्ही दोघीच, मी आणि आत्ये. तिसरी माझी पिंकी, ती तीन वर्षांची, तिला विचारलंत तर ती फक्त उंदरांचं सांगेल. आशाताई म्हणाली, बायकांच्या मीटिंगमध्ये उभी राहून सांग. मला दम लागतो हो, उभं राहून चार वाक्यं बोलले की छातीत भरून येतं, म्हणून बसून लिहिते. आठवीपर्यंतच शिकलेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आत्ये म्हणजे माझी सासू. तुम्हाला ती पागवाली म्हणून माहीत आहे. पाग बघितला नसेल अशी बाई आपल्याकडे नाही, पण हे बाहेरच्या कुणाच्या हाती पडलं तर सांगते, पाग म्हणजे खाडीत उभं राहून फेकायचं गोल जाळं, त्याच्या काठाला शिशाच्या बारक्या गोळ्या असतात, त्या नसल्या तर जाळं पाण्यावर नुसतं तरंगत राहील. आत्ये शिसं चुलीवर डब्यात वितळवते, गोळ्या पाडते, मग मूठभर गोळ्या गालात धरून बसते, शिंपी ओठात टाचण्या धरतो तशा, आणि एकेक काढून दोरीवर ठेवून दातानं दाबते. लग्न होऊन आले आणि मीपण तेच शिकले. गाल भरलेला असला की बोलता येत नाही, त्यामुळे आमच्यात भांडणं कमी, असं माझा नवरा म्हणायचा.

वाडीतून निघताना

आता मुख्य सांगते. आमच्या घरात बोट लागली की पुरुष शिशाची एक गोळी जिभेखाली धरतात. जड वस्तू जिभेखाली असली की पोट वर येत नाही, अशी आत्येच्या सासऱ्यांपासूनची समजूत. या खेपेला मला दिवस गेले आणि उलट्या अशा की पाणीसुद्धा ठरेना. आत्येनं एक गोळी राखेनं घासली, धुतली, देवापुढे ठेवली आणि मला दिली, म्हणाली, "धर, तुजा जीव वाईच हलका होईल." आणि खरं सांगते, झाला. थोडी गोडसर लागायची. मग मी ती दिवसभर गालात ठेवायलाच लागले, भांडी घासताना, पिंकीला भरवताना, झोपतानासुद्धा.

एक दिवस आशाताई लोहाच्या गोळ्या घेऊन आली, म्हणाली, माझ्यासमोर घे, तुझं रक्त वाढतच नाही, तू टाकून देतेस की काय. मी तोंडातली गोळी काढून ओट्यावर ठेवली, तिची गोळी गिळली, आणि परत पहिली उचलायला गेले तर तिनं माझं मनगट धरलं.

"ही कसली गं?"

"बोट लागल्यावरची."

तिनं नखानं ओरखडा काढला, आतून चकचकीत. "शिसं? मयुरी, पोटुशी बाई तू, तोंडात शिसं धरतेस?"

ती अंगणात गेली, डॉक्टरांना फोन लावला, मला नुसतं हं, हं ऐकू येत होतं. परत आली तेव्हा रागावली नव्हती, त्यानंच मी जास्त घाबरले. म्हणाली, शिसं नाळेतून बाळापर्यंत जातं, रत्नागिरीला जाऊन रक्त तपासून या, तिघीजणी. आत्ये दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "मी जल्मभर चावतेय. मला काय झालां?"

"तुमच्या पोटात कळा येतात ना काकी?"

"ती वायूची हाय."

मुंबईला बोटीवर नवरा असतो, त्याचा फोन आला. म्हणाला, आयेला घेऊन जा आणि घाबरू नको. घाबरू नको म्हणणारी माणसं नेहमी लांबच असतात. मी त्या रात्री पोटावर हात ठेवून पडले आणि एकच विचार, माझ्या गालात ती गोळी होती तेव्हा याचे हात तयार होत असतील, डोळे तयार होत असतील, आणि मी वरून थुंकी गिळत होते.

निघताना आत्येनं एक पाग पिशवीत कोंबला. मिरकरवाड्यातल्या कुणाची तरी ऑर्डर होती, जातोच आहोत तर देऊन येऊ म्हणाली. मी काही बोलले नाही. बोलायला दम लागतो.

तवसाळची फेरी

गुहागरहून तवसाळपर्यंत एसटी, शिमगा होऊन गेलेला, उन्हानं कातळ तापलेला, काजूच्या बोंडांचा वास खिडकीतून आत. एरवी मला तो वास आवडतो, त्या दिवशी नाकाला पदर लावून बसले. पिंकीला झोप लागली आणि मी बघते तर तिचा गाल पागाच्या पिशवीवर, मऊ जाळं बघून टेकलेली. मी तिला ओढून मांडीवर घेतली, ती रडली, कंडक्टर म्हणाला, झोपू दे की तिला, काय त्रास होता. त्याला काय सांगणार.

तवसाळच्या जेटीवर गाड्यांची रांग लागलेली, सगळी पर्यटक मंडळी. ही फेरीबोट नसती तर चिपळूणवरून जावं लागलं असतं, अख्खा दिवस गेला असता, म्हणून सांगते, तुम्ही गेलात तर याच वाटेनं जा, पण उन्हाच्या आधी निघा. बोटीत चढलो आणि इंजिनाचा धूर आला, पाणी हललं आणि माझं पोट वर. कोळ्याची सून आणि फेरीत ओकतेय, लाज वाटली. कठड्याला धरून उभी राहिले. शेजारी कोल्हापूरकडची एक बाई होती, हातभर बांगड्या, ती म्हणाली, "अवो ताई, खाली बसा की. बसा की वो. पाणी प्या की."

आत्ये माझ्या कानात म्हणाली, "किती गो ही की की करते." आणि मग तिनं पिशवीची गाठ सोडायला घेतली. हळूच म्हणाली, "एक काढू का? एवढ्या वेळापुरती. कुणाला कळतंय?"

मला हवी होती. तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू, तोंडाला पाणी सुटलं, जीभ आपोआप जागा करायला लागली. मी दात घट्ट मिटले आणि मान हलवली. आत्येनं गाठ परत बांधली, पण तिचा चेहरा पडला, मी तिच्या हातचं जेवण नाकारल्यासारखा. कोल्हापूरच्या बाईनं पर्समधून लिंबू काढलं, नखानं टोचून माझ्या नाकाशी धरलं आणि जयगड येईपर्यंत तशीच धरून उभी राहिली. तिचं नावही विचारलं नाही मी. उतरताना म्हणाली, "मुलगा होणार बघा." मी म्हटलं, "काही पण होऊ दे, नीट होऊ दे." तिला वाटलं असेल काय बाई आहे.

मिरकरवाडा

आत्येची धाकटी बहीण मिरकरवाड्यात असते, आम्ही तिच्याकडे उतरलो. बंदराला लागूनच घर, बर्फाच्या गाड्या, टोपल्या, लिलावाची ओरड, माशांचा वास असा की भिंतीला हात लावला तरी हाताला येईल. आपल्याकडे खाडीत एकटा माणूस उभा राहून पाग टाकतो आणि घरापुरतं म्हावरं आणतो, तिथं एकेका बोटीवर एवढी माणसं की वाडीतल्या लग्नाला येत नाहीत. मावशीनं पाग बघितला आणि हसायलाच लागली.

"अजून ह्याच करतेस? आमच्याकडं शिसां घातलेली दोरी तयार मिळते, कापून लावायची नि झालां."

"तिच्यात वजन सारखां पडत नाय," आत्ये म्हणाली.

"आणि तुज्या दातात पडतां?"

"दाताला कळतां किती दाबायचां. पकडीनं दोरी तुटते."

मावशी माझ्याकडे वळली. "तू कशाला एवढी पांढरी पडलीस गो? बस. मोरीचां कालवण केलंय खास तुज्यासाठी. पोटुशीला मोरी, मग दुधाला तोटा नाय." मोरी म्हणजे मुशीचं, शार्कचं, पिल्लू, बिनकाट्याची. आलं-मिरी वाटून केलेलं आंबट-तिखट कालवण, तांदळाची भाकरी, आणि कितीतरी दिवसांनी माझ्या पोटात जेवण राहिलं. दोनदा घेतलं. मावशी समोर बसून बघत होती, बाईला दुसऱ्याच्या खाण्याचं असं सुख वाटताना मी क्वचित बघितलंय. रत्नागिरीतला तेवढाच तास असा होता की मी घाबरले नव्हते.

डॉक्टरबाई

दुसऱ्या दिवशी रिक्षानं दवाखान्यात, मावशी हसली म्हणून पागाची पिशवी आत्येनं बरोबरच घेतली. आशाताईनं आधीच फोन करून ठेवला होता. डॉक्टरबाईंनी सगळं विचारलं, गोळी किती वेळ तोंडात, शिसं कुठं वितळवता, चूल तीच का जेवणाची. हो, तीच. पिंकी कुठं खेळते. तिथंच, गोळ्या मोजायचा खेळ. मी उत्तरं देत गेले आणि प्रत्येक उत्तराला मला वाटत होतं की मी कुणाची तरी चुगली करतेय, आणि ज्याची करतेय ते माझंच घर.

रक्त काढताना माझी शीर सापडेना. पिंकीनं अशी किंकाळी फोडली की बाहेरची माणसं उठून आली. मग डॉक्टरबाई आत्येकडे वळल्या. "आजी, तोंड उघडा बघू."

"माजां काय बघताय? हिचां बघा."

"उघडा तर खरं."

आत्येनं ओठ वर केला. हिरड्यांच्या कडेला निळी-काळी रेघ, दातांच्या मुळाशी, काजळानं काढावी तशी. मी रोज बघते ती, कधी मनात आलं नाही.

"मशेरीनं झालीय ती," आत्ये म्हणाली.

"मशेरीचे डाग दातावर पडतात. ही हिरडीत आहे. पोटात कळा येतात? हाताच्या बोटांना मुंग्या? भूक मेलीय?"

आत्येनं ओठ मिटला आणि हाताची बोटं पदराखाली घेतली. तिचंही रक्त घेतलं. ते सगळं मुंबईला जाणार, निकाल फोनवर सांगतो म्हणाल्या. पोटावर यंत्र लावलं, बाळाचे ठोके ऐकवले, घोड्यासारखे पळत होते. मी म्हटलं, "म्हणजे चांगलं आहे ना?" बाईंनी माझ्याकडे बघितलं, त्यांना हो म्हणणं सोपं होतं. त्या म्हणाल्या, "हृदय चांगलं आहे, वाढ ठीक आहे. शिशाचा परिणाम असा यंत्रात दिसत नाही." मग म्हणाल्या, "माझी एक मैत्रीण कॉलेजात याच विषयावर काम करते, जाल का तिच्याकडे? ती मला येतं त्यापेक्षा नीट सांगेल." आत्येनं डोळ्यानं नको नको केलं. मी हो म्हटलं. न कळलेली भीती मला झेपत नव्हती.

मॅडमची लॅब

मॅडम माझ्याहून फार मोठ्या नसतील, पांढरा कोट, केस पेन्सिलीनं वर बांधलेले. आधी चहा दिला, मग बसायला स्टूल. आतल्या खोलीत पिंजरे होते, पांढरे उंदीर, लाल डोळे. पिंकी तिथून हलेचना. मला प्रश्न कसा विचारायचा तेच कळेना, शेवटी म्हटलं, "मॅडम, ते आत जाऊन करतं काय?"

त्या म्हणाल्या, "प्रथिनं माहीत आहेत?"

"डाळीतली. अंड्यातली."

"तीच. पण अंगात गेल्यावर ती कामाला लागतात. एक प्रथिन रक्त बनवायला, एक हाडाला, एक मेंदूत निरोप पोचवायला. बाळ पोटात तयार होतं तेव्हा तर रात्रंदिवस काम चालू असतं. प्रत्येक प्रथिन म्हणजे एक लांब धागा, पण घडी घातलेला. घडी बरोबर तर काम बरोबर. आणि काही घड्यांत मधोमध जस्ताचा किंवा कॅल्शियमचा एकेक कण लागतो, तो नसला तर काम बंद."

"आणि शिसं?"

"शिसं त्याच जागेवर जाऊन बसतं. समजा एसटीत कंडक्टरच्या सीटवर भलताच माणूस बसला. बाहेरून बघणाऱ्याला गाडी भरलेली दिसते. पण तिकीट कोण फाडणार, घंटी कोण मारणार?"

"गाडी सुटायची नाय," आत्ये मागून म्हणाली. तोपर्यंत ती भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"बरोबर, आजी. तुमच्या सुनेला दम लागतो ना? रक्ताचा लाल भाग बनवणारं एक प्रथिन आहे, शिसं सगळ्यात आधी त्याच्या सीटवर बसतं. तिच्यात तसंच झालंय की नाही ते रक्त सांगेल."

मग त्यांनी मला दुर्बिणीत डोळा लावायला लावला. उंदराचा गर्भ, थोड्याच दिवसांचा, बेदाण्याएवढा. अर्धगोल वळलेला, डोळ्याच्या जागी काळा ठिपका, हाताच्या जागी छोटं वल्हं. मी विचारलं, "हा उंदीर आहे?" त्या म्हणाल्या, "या वयात तुमचा-माझाही साधारण असाच होता." मला तिथून डोळा काढवेना. माझ्या पोटातलाही असा वल्ह्यासारखे हात घेऊन बसला होता, आणि मी भांडी घासत होते, गालात गोळी.

नंतर भिंतीवरचं एक चित्र दाखवलं, निळसर आडव्या रेघा एकाखाली एक, शिडीसारख्या. प्रत्येक रेघ म्हणजे एक प्रथिन. एका बाजूला साधं पाणी प्यालेल्या उंदरिणीच्या पिल्लाचं, दुसऱ्या बाजूला पाण्यातून शिसं दिलेलीच्या पिल्लाचं. दुसऱ्या बाजूला काही रेघा फिकट, एखादी पुसल्यासारखी. पण दोन-तीन रेघा उलट जाड. मी बोट ठेवलं. "ह्या जाड का?"

मॅडमना आनंद झाला, कोटाला हात पुसत जवळ आल्या. "ही संकटात धावून येणारी प्रथिनं. बाकीच्यांच्या घड्या बिघडायला लागल्या की ही जास्त तयार होतात आणि त्यांना सावरतात. एवढंसं असतं ते, पण गुपचूप बसून राहत नाही." पुढे लगेच म्हणाल्या, "पण हे उंदराचं आहे. तुमच्या बाळाचं मी यावरून सांगू शकत नाही. आता शिसं बंद केलंत तर पुढचं जाणं बंद होईल, एवढं मात्र नक्की."

मी तेवढंच धरून बसले, गुपचूप बसून राहत नाही.

"तुम्ही कसलं शिसं वापरता, बघायला मिळालं असतं तर," असं त्या म्हणायला आणि आत्येनं पिशवी टेबलावर ठेवायला एकच गाठ. दाखवायला मिळतंय म्हटल्यावर ती उठली, पाग बाहेर काढला, झटकून पसरला, अख्खं टेबल भरलं. सुंदर झालाय तो पाग, गोळ्या कशा एका अंतरावर. मॅडम झटकन मागे झाल्या आणि हातमोजे घालायला लागल्या.

आत्येचं तोंड लाल झालं. "माज्या जाळ्याचा विटाळ झाला काय तुमाला?"

"नाही हो आजी," मॅडम म्हणाल्या, "मी पण पोटुशी आहे."

आत्येनं पाग गोळा केला, घाईघाईनं, आणि पिशवी स्वतःच उचलून दाराबाहेर ठेवून आली. परत येऊन म्हणाली, "हात खंय धुवू?" मॅडमनी साबण दिला. ती धूत राहिली, कोपरापर्यंत, आणि पाठ आमच्याकडे ठेवूनच तिनं विचारलं, "पोटातली पडतात का त्यानं?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "पडायची शक्यता वाढते. शिसं हाडात साठतं, आणि बाई पोटुशी राहिली की हाडातून सुटून रक्तात येतं. पण कुणाचं कशानं गेलं ते इतक्या वर्षांनी मी नाही सांगू शकत, आजी."

आत्ये नळ बंद करायची विसरली.

निघताना मी खाण्यापिण्याचं विचारलं. लोहाच्या गोळ्या सोडू नका, नाचणी खा, तीळ खा, कॅल्शियम असलं की शिसं कमी शोषलं जातं. म्हावरं खा, बारकं, मांदेली, तारली, काट्यासकट चावता येईल असं. मोठी मुशी वगैरे नको, त्यात पारा साठतो.

"मोरी?" मी विचारलं.

"तीही नकोच."

मला हसूच आलं, कालचं दोनदा घेतलेलं आठवून. त्या म्हणाल्या एकदा खाल्ल्यानं काही होत नाही. संध्याकाळी मावशीला सांगितलं तर ती कमरेवर हात ठेवून उभी. "म्हणजे मिरकरवाड्यातल्या बाळंतिणी काय सगळ्या मेल्या काय? शिसां नको, मोरी नको, मग माणसानं खावां काय, औषधां?" आणि तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ताटात मांदेली होती, कुरकुरीत, डोक्यासकट. मावशी माझ्याशी बोलत नव्हती, पण वाढत होती.

मांडवी

लॅबमधून आलो त्याच संध्याकाळी पिंकीला समुद्र दाखवायला मांडवीला गेलो. काळी वाळू, भेळेच्या गाड्या, कॉलेजची पोरं-पोरी. लोक पैसे खर्चून समुद्र बघायला येतात हे आत्येला पटतच नाही. आम्ही जेटीच्या पायरीवर बसलो. माझे पाय सुजले होते. पिंकी वाळूत.

आत्ये पिंकीकडे बघत बोलली. "तुज्या नवऱ्याच्या आधी दोन. त्याच्या नंतर एक. एक तर हाताएवढा झाला होता." मला माहीत नव्हतं. घरात कधी कुणी बोललं नाही. "माजी सासू म्हणाली, खाडीतली लागली तुला. नारळ दिले, कोंबडां दिलां. भगताकडं गेले. आणि मी घरी येऊन परत पाग घ्यायची हातात. दुसरां करणार काय? हात रिकामा ऱ्हायला की रडू यायचां."

मी तिचा हात धरला. साबणानं खरखरीत झालेला. धीर द्यायला हवा होता मी, पण मला माझीच भीती एवढी होती की मनात आलं, माझं पण तसंच होणार का. तिला कळलं असावं. म्हणाली, "तुजां घट हाय. ठोके ऐकलेस ना?" आणि नंतर, "मीच दिली गो तुला. देवापुढं ठेवून दिली."

"आत्ये, मला बरं वाटावं म्हणून दिलीत."

"होय. पण दिली."

पिंकीनं ओली वाळू तोंडात घातली आणि आम्ही दोघी एकदम ओरडलो. बाजूची माणसं बघायला लागली. वाळूच होती, तरी आत्येनं तिचं तोंड बोटानं कोरून कोरून साफ केलं, पोर गुदमरेपर्यंत.

परत

परतीचं काय लिहू, मी झोपेतच आले. फेरीत या वेळी लिंबू बरोबर होतं. पाग आत्येनं मिरकरवाड्यात ज्याचा त्याला दिला, पण देताना सांगितलं, पोरांना हात लावू देऊ नकोस, जेवायच्या आधी साबणानं हात धू. तो म्हणाला, म्हातारीला शहराचं वारं लागलं.

घरी आल्यावर आत्येनं वितळवायचा डबा, पळी, राहिलेलं शिसं, सगळं माडाच्या बागेपलीकडच्या खोपटात नेलं, दाराला कडी घातली. चूल उकरून राख लांब पुरली, नवी माती लिंपली. आता पक्कड वापरते, हातमोजे घालून, तिथंच, आणि आंघोळ करून मग पिंकीला घेते. पहिल्या पागाच्या दोऱ्या खरंच तुटल्या. तिच्या शिव्या इथपर्यंत ऐकू येत होत्या.

फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. डॉक्टरबाईंनी तिघींचं सांगितलं. पिंकीचं थोडं, घर स्वच्छ ठेवलं की उतरेल, परत तपासायचं. माझं असायला हवं त्याहून बरंच वर, पण औषध देऊन उतरवायची पाळी नाही, खाण्यानं आणि लांब राहण्यानं उतरेल, दर महिन्याला तपासायचं. आत्येचं सगळ्यात वर, तिला दवाखान्यात बोलावलंय. "आणि बाळ?" मी विचारलं. बाई म्हणाल्या, "नाळेतून काही गेलं असणार. किती आणि कुठं बसलं, ते आत्ता कुणीच सांगू शकत नाही, मयुरी. जन्मल्यावर तपासू. मग बसतं कधी, बोलतं कधी, बघत राहू." मी बरं म्हटलं. फोन ठेवला आणि उरलेले तांदूळ निवडले. माणूस एवढा घाबरून घाबरून थकतो की मग रडूही येत नाही.

परवा दुपारी शेजारची सोनाली आली, शिमग्याच्या आधीच लग्न होऊन आलेली पोर, ओटीवर बसली. काही विचारलं की एकाच बाजूनं बोलत होती. आत्ये नाचणी पाखडत होती, तिनं सूप खाली ठेवलं.

"काय हाय तोंडात?"

"काय नाय काकी." मग लाजली. "उलट्या होतायत. ह्यांनी तुमच्याच पागातली एक काढून दिली. तुम्ही मयुरीवहिनीला दिली होती ना, बरं वाटतं म्हणे."

आत्येनं करवंटी उचलून तिच्यापुढे धरली. "थूक."

"पण काकी..."

"थूक आधी. चूळ भर. मग सांगते."

तिनं गोळी थुंकली, करवंटीत टक्कन वाजली. मग आत्येनं तिला सगळं सांगितलं, उंदरिणीच्या पिल्लाचं, वल्ह्यासारख्या हाताचं, हिरडीवरची रेघसुद्धा ओठ वर करून दाखवली, आणि स्वतःचे तीन गेले तेपण, इतक्या सरळ की सोनालीनं पदर तोंडाला लावला. मग ती माझ्याकडे वळली, माझ्या पोटाकडे बघत म्हणाली, "मग वहिनी, तुमच्या बाळाचं काय?"

मी तोंड उघडलं, पण दम पुरेना.

आत्ये म्हणाली, "तां जल्मल्याबिगर कळायचां नाय. आमी वाट बघतोय. तुला कशाला गो लावू वाट बघायला?"